नऊ वेळा ‘शांत’ : देवबागच्या एका वहीचा प्रकरण अभ्यास

जूनचा पहिला आठवडा होता. मालवण तालुक्यातल्या देवबागला एका आजोबांनी मला वाटेत थांबवलं आणि काळजीच्या सुरात विचारलं, “मास्तरानू, ह्या पोराक काम काय दिल्यात? वहीत नुसता काम-काम लिवन ठेवल्यान हा.”

वही उघडून बघितली. त्यांचा नातू बारावी सायन्सला. जहाजावर जायचं म्हणून आयएमयू सीईटीची, म्हणजे भारतीय सागरी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतो आणि त्या परीक्षेत इंग्रजीचेही प्रश्न असतात. इंग्रजी शब्दांचे उच्चार त्याने देवनागरीत लिहिले होते आणि पुढे मराठी अर्थ. पहिली ओळ ‘काम – शांत’. इंग्रजीत त्या शब्दात ल लिहितात, पण उच्चारत नाहीत, त्यामुळे त्याने कानाला ऐकू आलं तसं बरोबरच लिहिलं होतं. खाली क्वाएट – शांत. स्टिल – शांत. सिरीन, प्लॅसिड, ट्रँक्विल, सिडेट, हॅल्सिअन, लल. नऊ शब्द आणि नऊ वेळा ‘शांत’. समोरच्या पानावर हालचालीचे शब्द होते : ड्रिफ्ट, फ्लोट, सर्ज, करंट, अन्ड्युलेट. त्यांच्यापुढे आलटून पालटून ‘हलणे’ आणि ‘वाहणे’.

त्याने ही यादी तोंडपाठ केली होती. पाठांतरात तो कुठेच कमी नव्हता. मी म्हटलं, प्रत्येक शब्दाचं एक वाक्य कर. त्याने केलं, ‘द बेबी इज हॅल्सिअन’ आणि ‘द स्काय इज सिडेट’. वाक्यं चुकली हे त्यालाही जाणवलं, पण का चुकली ते त्याच्या वहीतून कळण्याचा काही मार्ग नव्हता. वहीच्या मते नऊही शब्द एकच होते.

मग मी आजोबांकडे वळलो. त्यांची हयात रापणीवर गेली. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं लांब जाळं. त्यांना विचारलं, दर्या शांत असतो तेव्हा तुम्ही काय काय म्हणता? ते जरा थांबले, मग एकेक सांगू लागले. वारो पडलो म्हणजे एक. लाट बसली म्हणजे दुसरं. पाणी निवळलं ते वेगळं, भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या सुमाराचं, पाणी ते वेगळं. पावसाने उसंत दिली ती वेगळी. आणि भरती पूर्ण होऊन ओहोटी लागण्यापूर्वी पाणी क्षणभर थबकतं, तेव्हा म्हणायचं, “पाणी ऱ्हवलां.” नातू बाजूला उभा राहून ऐकत होता. हे सगळे शब्द त्याच्या घरातले, रोजच्या कानावरचे. पण इंग्रजीची वही उघडताना त्याने ते बाहेर ठेवले होते आणि पुस्तकी ‘शांत’ तेवढा आत घेतला होता.

या प्रकरणातला मूळ दोष मला तिथे दिसला, आणि तो या एकाच मुलाचा नाही. आपण इंग्रजी शब्दाला एका मराठी शब्दाचं कुलूप लावून टाकतो, मग त्याच्या आत काय आहे ते बघत नाही.

१ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. पर्यटकांच्या बोटीही पावसाळ्यात वर ओढलेल्या. वडिलांची बोट झापांखाली, मुलाला संध्याकाळ मोकळी. ठरवलं असं, की एका बैठकीत दोन-तीनच शब्द घ्यायचे. शब्द कुठून आला ते मी सांगायचं, तसं काही देवबागला दिसतं का ते त्याने सांगायचं, आणि वहीत तिसरा रकाना आखायचा. तो आजोबांचा.

उकाड्यातून आलेला शब्द

सुरुवात ‘काम’पासूनच केली, कारण गोंधळ तिथूनच सुरू झाला होता. या शब्दाचं मूळ ग्रीक ‘कौमा’. त्याचा अर्थ जाळ, रखरखीत उष्णता. जाळणे या अर्थाच्या ज्या ग्रीक धातूपासून तो आला त्याच धातूपासून ‘कॉस्टिक’ आला, आपल्या कॉस्टिक सोड्यातला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये कौमा म्हणजे दुपारचा ताव. भर उन्हात माणसं, गुरं सावलीला पडतात, सगळे व्यवहार थांबतात. त्या थांबण्यालाच इटालियनमध्ये ‘काल्मा’ म्हणू लागले, आणि फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. मधला ल उष्णतेच्याच दुसऱ्या लॅटिन शब्दाच्या, ‘कॅलोर’च्या ओढीने शिरला असं मानतात. त्या कॅलोरवरून आपली कॅलरी.

मुलगा लगेच म्हणाला, “सर, आमच्याकडे दुपारी वारो पडणा नाय, सुटता.”

त्याचं खरं होतं. किनाऱ्यावर सकाळ चढते तशी जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. दुपारी तो जोरात असतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो, जमिनीवरून समुद्राकडे जातो. तो मतलई. शिडाच्या होड्या पहाटे त्याच वाऱ्यावर बाहेर पडायच्या. मग दुपारच्या उन्हाचा शब्द स्तब्धतेचा कसा झाला? मी जे पुस्तकातून सांगितलं होतं, ते त्याच्या दारातल्या अनुभवाने अडवलं. मला हा प्रश्न फार आवडला, कारण यादी घोकणाऱ्याला असा प्रश्न कधी पडत नाही.

उत्तर आजोबांनी दिलं. ओटीवरून, आमच्याकडे न बघता. “वारो पडलो की उकडता. मे म्हयन्यात बघूक नाय?”

मे महिन्याच्या अखेरीला मळभ येतं, पान हलत नाही, अंगाला धारा लागतात. सगळं गप्प, आणि तेच सगळ्यात जास्त तापलेलं. उकाडा आणि स्तब्धता कोकणात एकाच वेळी येतात, फक्त रोजच्या दुपारी येत नाहीत. तिसऱ्या रकान्यात त्याने लिहिलं : ‘वारो पडलो, उकडता.’ आणि स्वतःहून एक टीप जोडली की मराठी नेमकं उलट्या बाजूने जातं. आपला माणूस रागावला की तापतो आणि शांत झाला की निवतो. इंग्रजीतला शब्द मात्र तापण्याच्या घरातून निघून निवण्यापाशी पोचला. ही टीप मी सांगितलेली नव्हती.

‘क्वाएट’ला फार वेळ लागला नाही, पण त्यातून एक जुनी चूक सुटली. शाळांच्या भिंतींवर ‘शांत राहा’ या अर्थाच्या ‘बी क्वाएट’ऐवजी ‘बी क्वाइट’ रंगवलेलं असतं. आपण त्याला स्पेलिंगचा घोटाळा म्हणतो. पण हे दोन शब्द खरोखरच सख्खे आहेत. लॅटिन ‘क्विएतुस’ म्हणजे विसावलेला. त्यातून क्वाएट आला. त्यातूनच, देण्याघेण्यातून मोकळा झालेला या अर्थाने ‘क्विट’ आला. आणि मोकळा, म्हणजे काही बाकी न उरलेला, म्हणून ‘पूर्णपणे’ या अर्थाचा ‘क्वाइट’. आरोपातून सुटणे म्हणजे ‘अक्विट’, तोही याच घरातला. मृतांसाठीच्या ख्रिस्ती प्रार्थनेचं ‘रेक्विएम’ हे नाव तिच्या पहिल्या शब्दावरून पडलं, आणि तो शब्द विश्रांतीचा. मालवणीत हिशेब चुकता करून माणूस ‘मोकळो’ होतो, तो मोकळेपणा आणि हा क्विट एकाच जातीचे. मुलाने पाचही शब्दांना एका चौकटीत कोंबलं आणि पुढे गेला.

प्रसन्न पाणी

‘सिरीन’ सोपा गेला, कारण तो आकाशाचा शब्द आहे. लॅटिन ‘सेरेनुस’ म्हणजे ढग नसलेलं, लख्ख. आधी आभाळासाठी, नंतर चेहऱ्यासाठी आणि मनासाठी. मराठीत ‘निरभ्र’ अगदी तसाच वागतो. अभ्र म्हणजे ढग, तो नसलेलं ते निरभ्र. पाऊस ओसरल्यावर आश्विनात देवबागहून निवती रॉककडची बाजू जशी स्वच्छ दिसते तसं. बाहेर तेव्हा मुसळधार कोसळत होतं आणि आम्ही खिडकी लावून सिरीन शिकत होतो.

‘प्लॅसिड’ आणि ‘सिडेट’ या जोडीवर मात्र आमच्या दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या गेल्याचं मला समाधान आहे. प्लॅसिड आला आवडणे, खूश करणे या अर्थाच्या लॅटिन धातूतून. त्याच धातूचं ‘प्लॅसिबो’ म्हणजे ‘मी खूश करीन’. आता ते औषधाच्या नावाखाली दिलेल्या, औषध नसलेल्या गोळीचं नाव झालं आहे. म्हणजे प्लॅसिडची शांतता ही राजी झालेल्याची शांतता, कुणाशी तक्रार उरलेली नाही अशी. सिडेटचं घर दुसरं. ते लॅटिनमधल्या बसणे, खाली बसवणे याचं. त्याच घरातून ‘सेडिमेंट’ म्हणजे तळाशी बसलेला गाळ. संस्कृतात त्याचा भाऊ ‘सद्’ हा धातू : संसद, सदन, उपनिषद. आणि इंग्रजी ‘सिट’सुद्धा.

मी त्याला म्हटलं, आता ‘प्रसन्न’ हा शब्द उघडून बघ. प्र आणि सद्. संस्कृतात प्रसन्न पाणी म्हणजे गाळ खाली बसून स्वच्छ झालेलं पाणी, आणि प्रसन्न माणूस म्हणजे राजी झालेला, कृपा करणारा. सिडेटचं मूळ आणि प्लॅसिडचा अर्थ, दोन्ही आपल्या एका शब्दात राहतात. देव प्रसन्न झाला असं आपण रोज म्हणतो, पण त्यात पाणी निवळलेलं असतं हे ध्यानात येत नाही.

आजोबा उठून आत गेले आणि पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ येतं तेव्हा पूर्वी काय करायचे ते आजीला विचारून आले. निवळीची बी मडक्याच्या आतल्या अंगाला घासायची, गाळ खाली बसतो. झाडाचं नावच निवळी. ‘प्रसन्न’समोर तिसऱ्या रकान्यात ‘निवळलां’ गेलं, आणि या वेळी ते मुलाच्या हस्ताक्षरात नव्हतं. आजोबांनी स्वतः लिहिलं.

पुढे याच जोडीने आम्हाला दगा दिला, पण ते नंतर.

‘लल’ हा आवाजातून जन्मलेला शब्द. बाळाला निजवताना जो लू-लू असा सूर निघतो त्यातून. ‘ललबाय’ त्यातूनच. आपलं जोजवणं ‘जो जो’मधून यावं तसंच. पण वादळात मध्येच वारा थांबतो त्यालाही इंग्रजीत लल म्हणतात, आणि तिथे अंगाई चालत नाही. तिथे आजोबांची ‘उसंत’ चपखल बसली.

खंड्याचे चौदा दिवस

हॅल्सिअनने मुलाचा चेहरा उजळला. कारण तो पक्षी त्याच्या दारात बसतो.

ग्रीक कथेत वाऱ्यांचा अधिपती इओलस. त्याची मुलगी अल्सिओनी. तिचा नवरा सीइक्स समुद्रात बुडाला, तिने दुःखाने लाटांत उडी घेतली, आणि देवांनी दोघांना पक्षी केलं. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात असे चौदा दिवस ती समुद्रावर तरंगत्या घरट्यात अंडी उबवते, आणि तेवढे दिवस बाप वाऱ्यांना कोंडून ठेवतो. म्हणून ‘हॅल्सिअन डेज’ म्हणजे मागे वळून बघताना सुखाचे, निर्वेध वाटणारे दिवस. ग्रीक शब्द मुळात ‘अल्किओन’. समुद्र या अर्थाच्या ‘हाल्स’शी त्याचं नातं आहे असं समजून लोकांनी पुढे ह जोडला. नातं चुकीचं होतं, तरी ह राहिला.

पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांतही ही कथा शिरली आहे. आपला पांढऱ्या छातीचा खंड्या, तपकिरी डोकं, लाल चोच, निळे पंख, त्याचं शास्त्रीय नाव ‘हॅल्सिअन स्मिर्नेन्सिस’. कर्लीच्या खाडीवर विजेच्या तारेवर रोज दिसणारा तोच.

मुलगा म्हणाला, “घरटां पाण्यार? नाय सर. तो दरडीत बीळ करता.” बरोबरच. हा खंड्या मातीच्या कड्यात आडवं बीळ कोरून अंडी घालतो. मासा तर खातोच, पण सरडे, नाकतोडे, खेकडेही खातो, म्हणून पाण्यापासून लांब माडाच्या बागेतही सापडतो. ग्रीकांनी रचलेलं घरटं जगात कुठेच नाही. तरीही शब्द टिकला, कारण हिवाळ्यात मध्येच समुद्र निवांत होतो हा त्यांचा अनुभव होता आणि त्याला एक कथा मिळाली. बाळासाठी हॅल्सिअन का वापरायचा नाही ते यानंतर समजावावं लागलं नाही. तो दिवसांचा शब्द आहे, माणसाचा नाही, हे त्यानेच सांगितलं.

हलणारे शब्द

हालचालीच्या पानावर आम्ही जुलैत आलो. उधाणाचे दिवस, घरात समुद्राचा आवाज सतत. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. त्यामुळे इथे ‘सराउंड’ शिकवण्यासाठी दारात जावं लागतं, इतकंच. हा शब्द ‘राउंड’मधून आला असं वाटतं, पण त्याचा उगम लॅटिन ‘सुपर’ आणि ‘उंडा’. उंडा म्हणजे लाट. वरून ओसंडून जाणे, बुडवणे हा त्याचा इंग्रजीतलाही पहिला अर्थ होता. राउंडशी आवाज जुळला म्हणून पुढे तो वेढणे झाला. देवबागच्या माणसाला हे दोन्ही अर्थ एकच आहेत.

त्याच लाटेतून ‘अन्ड्युलेट’, लाटेसारखं वरखाली होणं. ‘इनंडेट’, पाण्याखाली जाणं. ‘अबाउंड’, भरभरून असणं. ‘रिडंडंट’, ओसंडून वाया जाणारं. आणि या उंडाचं संस्कृत गोत ‘उदक’. इंग्रजी ‘वॉटर’ही त्याच गोतातलं, आणि पाणमांजराला संस्कृतात ‘उद्र’ तर इंग्रजीत ‘ऑटर’. संस्कृत द आणि इंग्रजी ट यांची ही जोडी मुद्दाम लिहून ठेवायला सांगितली. दश आणि टेन, द्वि आणि टू. तशीच प आणि फ यांची : पितृ आणि फादर, पद आणि फुट. त्या हिशेबाने ‘फ्लोट’ संस्कृतातल्या तरंगण्याच्या ‘प्लु’ धातूला जाऊन मिळतो, आणि गलबतांचा ताफा ‘फ्लीट’ही. या जोड्यांचा उपयोग पुढे फार झाला.

‘करंट’ म्हणजे धावणारं. धावणे या अर्थाच्या लॅटिन शब्दातून. ‘सर्ज’ उठणारं. ‘ड्रिफ्ट’ हाकणे या अर्थाच्या ‘ड्राइव्ह’चा भाऊ, म्हणजे बोट स्वतः जात नाही, पाणी तिला हाकत नेतं. इंजिन बंद पडल्यावर नेमकं हेच होतं, असं वडील म्हणाले. ‘अँकर’ वाकडेपणाच्या धातूतला, आपला ‘अंकुश’ त्याचा भाऊ. आपण अँकरला नांगर म्हणतो, तेही मातीत रुतणाऱ्या अवजाराचं नाव.

‘नॉशिया’ मी यादीत नसताना घेतला. ग्रीकमध्ये ‘नाउस’ म्हणजे नौका. आपली नाव, नौका, इंग्रजी नेव्ही, नॉटिकल सगळे एका कुळातले. त्या नाउसपासून नॉशिया, म्हणजे नावेत होणारी मळमळ. मुलगा खुर्चीतून उठला. “सर, बोट लागता ती!” पर्यटकांना दरवर्षी लागते ती बोट. मराठीत त्या आजाराला वेगळं नाव नाही, वाहनालाच दोष देतो आपण : बोट लागते, गाडी लागते. ग्रीकांनी तेच केलं होतं. हा शब्द त्याला परत कधी विचारावा लागला नाही.

‘मोशन’मधून ‘इमोशन’ला गेलो. ढवळून बाहेर काढणे असा फ्रेंचमधला अर्थ. इंग्रजीत सोळाव्या शतकात तो लोकांमधल्या खळबळीलाही वापरत. मनाच्या भावनेसाठी तो नंतर रुळला. आपल्याकडे मन हेलावतं आणि पाणीही हेलावतं, माणूस खवळतो आणि दर्याही. इथे मला समजवावं असं काही उरलंच नव्हतं.

‘टाइड’वर जरा थांबतो, कारण माझ्या दृष्टीने ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट. जुन्या इंग्रजीत टाइड म्हणजे काळ, वेळ. भरती-ओहोटीचा अर्थ नंतर आला, पाणी ठरल्या वेळी येतं म्हणून. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे वेळ, आणि वेला म्हणजेच भरती आणि किनारा. मराठीत वेळ घड्याळात राहिली. मालवणीत मात्र ती अजून समुद्रावर आहे. मुलगा रोज घरातून निघताना म्हणतो, “येळेर जाऊन येतंय.” येळेर म्हणजे वेळेवर नव्हे, किनाऱ्यावर. दोन भाषांचे हे शब्द एका धातूतले नाहीत. दोन किनाऱ्यांवरच्या माणसांनी एकच गोष्ट बघितली, एवढंच नातं.

जिथे चुकलं

या पद्धतीने तीनदा दगा दिला. तिन्ही नोंदवणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण व्युत्पत्ती ऐकायला इतकी गोड लागते की तिच्यावर शंका घ्यायचं सुचत नाही.

पहिली चूक ‘डोल्ड्रम्स’ची. विषुववृत्ताजवळच्या ज्या पट्ट्यात वारा पडतो आणि शिडाची जहाजं दिवसेंदिवस अडकून राहायची, त्याचं हे नाव. मुलगा उत्साहाने सांगत आला की हा ‘डोल’वरून आला. डोलणे, डोलकाठी, डोल जाळं. ऐकायला पटलं असतं. पण डोल संस्कृत ‘दोला’वरून येतो. सोयरीक जुनी असती तर द च्या जागी ट दिसायला हवा होता, आणि शब्द उसना घेतलेला असता तर तो कुठल्या बंदरातून गेला ती वाट दिसायला हवी होती. दोन्ही नाही. डोल्ड्रम्स मंद या अर्थाच्या ‘डल’शी जोडलेला आहे. आधी उदासपणा, नंतर समुद्राचा तो पट्टा. शिवाय तिथे काही डोलत नाही, अडचण तीच तर आहे.

त्याच दिवशी मुद्दाम ‘मॉन्सून’ शिकवला. तो आपल्या ‘मोसम’सारखा वाटतो आणि इथे नातं खरं आहे. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ. अरब नाविकांचा प्रवासाचा हंगाम. पोर्तुगीजांनी तो याच समुद्रावर ऐकून ‘मोन्साँव’ केला, पुढे इंग्रजीत मॉन्सून. आपल्याकडे तोच शब्द फारसीमार्गे मोसम म्हणून आला. इथे वाटेतलं प्रत्येक बंदर दाखवता येतं. तौक्ते वादळाची आठवण निघाली तेव्हा ‘सायक्लोन’ही तपासला. मे २०२१ मध्ये या किनाऱ्याने ते भोगलं आहे. हा शब्द कोलकात्यात हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून घडवला, आणि त्या शब्दाचं कुळ संस्कृत ‘चक्र’ला मिळतं. म्हणजे आपण केलेलं ‘चक्रीवादळ’ हे भाषांतर नकळत मूळ घरीच गेलं.

दुसरी चूक ‘स्प्रिंग टाइड’ची. त्याने लिहिलं, वसंतातली भरती. भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणपट करायची रीत त्याला घरातून येते. अष्टमीला साधारण सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. उधाण अमावास्या-पौर्णिमेला येतं हे तो झोपेतही सांगेल. तरी इंग्रजी शब्द दिसल्याबरोबर उधाण वर्षातून एकदा, वसंतात यायला लागलं! इथला स्प्रिंग उसळी मारण्याचा आहे. ‘उधाण’ हा अर्थ त्याला आधीच येत होता, फक्त जोडायचा राहिला होता. अष्टमीच्या भांगाला इंग्रजीत ‘नीप’ म्हणतात हे त्याने त्याच बैठकीत जोडून घेतलं.

तिसरी चूक माझी. प्रसन्न पाण्यात मी इतका रमलो की त्याने चाचणीत लिहिलं, ‘द वॉटर इन द वेल बिकेम सिडेट’. गाळ बसला म्हणून सिडेट. मूळ बरोबर, वाक्य चूक. आजच्या इंग्रजीत सिडेट म्हणजे संथ, पोक्त वागणं, घाई नसलेली चाल. लग्नाच्या वरातीत पुढे चालणारे वडीलधारे सिडेट, विहीर नव्हे. शब्द कुठून निघाला हे सांगताना तो आज कुठे उतरतो हे सांगायचं मी विसरलो होतो. त्या दिवशी वहीत चौथा रकाना पडला : ‘आज कुणाला लावतात’. तो पहिल्या दिवशी असता तर जून वाचला असता.

जुलैअखेर

३१ जुलैच्या आधी नऊ शब्दांची गाळलेल्या जागांची चाचणी घेतली. सात बरोबर आले. सिडेट तोवरही डळमळत होता, आणि ट्रँक्विल पूर्ण सुटला. ट्रँक्विलला मला देवबागमधलं चित्र देता आलं नव्हतं. शेवटी त्याने वस्तीत शिरलेल्या बिबट्याला वनखातं सुईतून देतं त्या ट्रँक्विलायझरवरून तो धरून ठेवला. हे मूळ नव्हे, पण शब्द हातात राहिला, आणि परीक्षेला तेवढं पुरतं.

मला सर्वांत मोलाची वाटली ती चाचणीबाहेरची गोष्ट. ‘पाणी ऱ्हवलां’ला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याने स्वतः शोधलं : ‘स्लॅक वॉटर’, ढिलं पडलेलं पाणी. तोवर प्रत्येक शब्द पहिल्या रकान्यातून तिसऱ्यात गेला होता. हा तिसऱ्यातून पहिल्यात आला. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या मुलांबरोबर बसेन तेव्हा वही अशीच सुरू करणार आहे. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे शब्द, मग त्यांच्यापुढे इंग्रजी.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आजोबांनी त्याला विचारलं, ‘निवांत’ला काय म्हणतात? गीतेत निवात जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा आहे, वारा न लागणाऱ्या जागी ज्योत हलत नाही. तो निवात आणि हा निवांत आम्ही शेजारी ठेवून बघितले. नंतर नऊही इंग्रजी शब्द एकेक करून समोर लावले. क्वाएट लावला, त्यात जागा नाही. सिरीनमध्ये आभाळ आहे, आडोसा नाही. प्लॅसिड जवळ आला, पण त्यात सवड नाही. त्या ओळीतला पहिला रकाना त्याने तूर्त मोकळा ठेवला आहे.